शेवटची खाट कोणाला?

२०२१ च्या एप्रिल महिन्यात महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांपुढे एकच प्रश्न उभा होता. अतिदक्षता विभागात एक खाट रिकामी आहे आणि दाराशी चार रुग्ण तिष्ठत आहेत. ती कोणाला मिळणार, ते कोण ठरविणार आणि कशाच्या आधारे ठरविणार, हा तो प्रश्न. १८ एप्रिल रोजी राज्यात एका दिवसात ६८,६३१ नव्या रुग्णांची नोंद झाली. त्या सुमारास खाटेचा शोध दूरध्वनीवरून, ओळखीपाळखीतून, लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांतून आणि पत्रकारांच्या मध्यस्थीने चालला होता. ज्यांना खाट मिळाली त्यांनी दैवाचे आभार मानले आणि ज्यांना ती मिळाली नाही त्यांनी दैवाला दोष दिला. दोघांनीही ज्याला दैव म्हटले ती वस्तुतः माणसांनी घेतलेल्या, किंवा घ्यावयाचे टाळलेल्या, निर्णयांची मालिका होती. त्या निर्णयांमागील तत्त्वांची चर्चा त्या धुमश्चक्रीत झाली नाही हे समजण्यासारखे आहे. पण साथ ओसरल्यानंतरही तिला जे स्थान मिळावयास हवे होते ते मिळाले नाही, याचे समर्थन करता येणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तत्पूर्वीच जंबो रुग्णालयांचे मांडव उतरले होते आणि लोक आपापल्या व्यवहाराला लागले होते. आज हा विषय काढला की 'झाले गेले, आता ते कशाला उगाळावयाचे?' असा सूर निघतो. परंतु जीवन-मरणाच्या वाटपाचा नियम करावयाचा तर तो अशा निवांत काळातच केला पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणावयास घेतली तर निदान पाणी तरी उशिरा का होईना लागते. साथ भरात असताना केलेला नियम मात्र ज्याचा आवाज मोठा त्याच्याच सोयीचा होतो.

यंत्रे नव्हती, हात होते

अतिदक्षता विभाग ही संस्थाच मुळी एका साथीतून जन्माला आली, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ उसळली. ब्लेगडॅम रुग्णालयात येणाऱ्या कित्येक रुग्णांचे श्वसनाचे स्नायू लुळे पडत होते, आणि श्वासोच्छ्वास चालविणारी यंत्रे रुग्णालयात होती अवघी सात. त्यांतही सबंध शरीर सामावून घेणारे मोठे यंत्र एकच होते. पहिल्या काही आठवड्यांत अशा यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा मुख्य वैद्य लॅसेन यांनी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांना पाचारण केले. शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ जे करतो तेच येथे करावे, गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवावी आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरावी, असे इब्सेन यांनी सुचविले. २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीवर हा उपाय करण्यात आला आणि ती वाचली.

पण ती पिशवी तासन् तास दाबावयाची कोणी? वैद्यकीय विद्यार्थ्यांना साद घालण्यात आली. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले आणि आठवडेच्या आठवडे, रात्रंदिवस, आपल्या हातांनी त्यांना श्वास देत राहिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. पुढच्या वर्षी, १९५३ च्या डिसेंबरात, इब्सेन यांनी कोपनहेगनमध्येच कायमस्वरूपी अतिदक्षता विभाग उभा केला. जगातील पहिला अतिदक्षता विभाग म्हणून वैद्यकाच्या इतिहासात बहुधा त्याचेच नाव घेतले जाते.

या हकिगतीचा वैद्यकीय अर्थ डॉक्टर मंडळींना ठाऊक आहे. तिचा नैतिक अर्थ तितकाच महत्त्वाचा आहे. सात यंत्रे आणि शेकडो रुग्ण असा हिशेब समोर असताना ती सात कोणाला द्यावीत यावर कोपनहेगनने आपली बुद्धी खर्च केली नाही. आठवे यंत्र माणसांच्या हातांचे करता येईल काय, असा विचार त्या शहराने केला. निवड करण्याचा अधिकार समाजाला केव्हा प्राप्त होतो, या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. तुटवडा दूर करण्याचे सारे मार्ग चोखाळून झाल्यानंतरच तो प्राप्त होतो. त्याआधी केलेली निवड ही आपल्या आळसाला दिलेले तत्त्वज्ञानाचे नाव होय.

सात जणांची समिती

दहा वर्षांनी अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरासमोर हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांच्या संशोधनामुळे १९६० पासून मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांना कृत्रिम मूत्रपिंडावर वर्षानुवर्षे जगविणे शक्य झाले होते. पण यंत्रे मोजकी आणि खर्च अफाट. वैद्यकीयदृष्ट्या पात्र ठरलेल्या रुग्णांतून कोणाला घ्यावयाचे हे ठरविण्यासाठी सात नागरिकांची समिती नेमण्यात आली. तीत वकील, धर्मोपदेशक, बँकेतील अधिकारी, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी आणि शल्यविशारद अशी मंडळी होती. त्यांची नावे गुप्त होती. नोव्हेंबर १९६२ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात शाना अलेक्झांडर यांनी या समितीच्या कामकाजाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि अमेरिकेत खळबळ उडाली. रुग्ण विवाहित आहे काय, त्याला मुले किती, मिळकत किती, शिक्षण किती, तो चर्चमध्ये जातो काय, समाजकार्यात भाग घेतो काय, अशा गोष्टींचा विचार ही सज्जन मंडळी करीत होती.

समितीचे सदस्य दुष्ट नव्हते. त्यांनी हे काम विनावेतन पत्करले होते आणि त्याचा मनस्तापही भोगला होता. तरीही जे घडले ते असे की, सुस्थितीतील मध्यमवर्गीय मंडळींनी जीवनास पात्र कोण हे ठरवावयास घेतले तेव्हा त्यांना आपल्यासारखी माणसे पात्र वाटली. थोरोसारखा एकांतप्रिय आणि बंडखोर विचारवंत मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडला असता तर या समितीने त्याला नक्कीच बाहेर ठेवले असते, अशा आशयाची टीका पुढे कायद्याच्या अभ्यासकांनी केली ती याचमुळे. एखाद्या माणसाचे आयुष्य समाजाला किती उपयोगी आहे हे मोजण्याचा तराजू कोणाच्याही हाती दिला तरी त्याची दांडी आपल्याच बाजूला झुकते, हा सिअ‍ॅटलचा धडा आहे. या प्रकरणाचा शेवट कसा झाला हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९७२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने मूत्रपिंडाच्या अशा रुग्णांच्या उपचारांचा खर्च सरकारी विमा योजनेत आणला आणि निवडीची गरजच बव्हंशी संपली. म्हणजे दहा वर्षे ज्याला नियती मानले गेले तो अंदाजपत्रकाचा प्रश्न होता.

वयाचा निकष

कोविडच्या साथीत पुढारलेल्या देशांनी या धड्यांतून कितपत बोध घेतला होता? ६ मार्च २०२० रोजी इटलीतील भूल व अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या सदस्यांसाठी मार्गदर्शक शिफारशी प्रसिद्ध केल्या. लोम्बार्डीतील रुग्णालये त्या वेळी तुडुंब भरली होती. अतिदक्षता विभागातील प्रवेशासाठी वयाची मर्यादा घालण्याची वेळ येऊ शकेल, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. त्यावर मोठा गदारोळ झाला. शिफारशी करणाऱ्या डॉक्टरांवर क्रौर्याचा आरोप झाला. परंतु निर्णयाचा भार एकेकट्या डॉक्टरच्या खांद्यावरून उतरवावा आणि जे घडणारच आहे ते उघडपणे, कारणे देऊन घडावे, हा त्यांचा हेतू होता. तो हेतू योग्यच होता. निकष मात्र सदोष होता, आणि जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या सुधारित दस्तऐवजात केवळ वयावरून निर्णय करू नये, रुग्णाच्या एकंदर प्रकृतीच्या संदर्भातच वयाचा विचार व्हावा, अशी भूमिका इटलीत घेतली गेली.

इंग्लंडमध्ये मार्च २०२० मध्ये एका राष्ट्रीय संस्थेने रुग्ण किती परावलंबी आहे हे पाहून त्याचा अंक काढण्याची पद्धत सुचविली. बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे धडधाकट असूनही या पद्धतीत दुबळी ठरतील, हे त्यांच्या पालकांनी व संघटनांनी दाखवून देताच काही दिवसांतच ती दुरुस्त करावी लागली. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात २०१० पासून एक आराखडा पडून होता आणि त्यात तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना व्हेंटिलेटर न देण्याची तरतूद होती. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार गेल्यावर ती सोडून देण्यात आली. डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने, अशा निवडीच्या प्रसंगी अपंग नागरिकांना भेदभावापासून संरक्षण देणे हे कायदेमंडळाचे कर्तव्य आहे आणि ते बजावण्यात कायदेमंडळ कमी पडले आहे, असा निर्णय दिला. या सर्व ठिकाणी चूक झाली, परंतु नियम कागदावर असल्यामुळे ती दिसली आणि दिसल्यामुळे तिला आव्हान देता आले. अलिखित नियमाच्या बाबतीत एवढेही घडत नाही.

वयाच्या प्रश्नावर आपल्याकडेही मतप्रदर्शन झाले आहे. काळ्या बुरशीच्या विकारावरील अँफोटेरिसिन-बी या औषधाचा जून २०२१ च्या आरंभी दुष्काळ पडला होता. त्याविषयीच्या सुनावणीत दिल्ली उच्च न्यायालयाने, निवड करणे भागच असेल तर तरुणांना अग्रक्रम द्यावा, अशा आशयाचे मत व्यक्त केले आणि केंद्राने याबाबत धोरण आखावे असे सुचविले. धोरण हवे हे न्यायालयाचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. तरुणांच्या अग्रक्रमामागील युक्तिवादातही बळ नाही असे नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाने आयुष्याचे सारे ऋतू पाहिले आहेत, पंचवीस वर्षांच्या माणसाने ते पाहावयाचे आहेत, हे कोणाच्याही अंतःकरणाला पटते. अनेक वृद्धांना स्वतःलाही ते पटते.

तथापि, अंतःकरणाला पटणारी गोष्ट आणि शासनाने नागरिकांवर लादावयाचा नियम यांत अंतर आहे. एखाद्या वृद्धाने आपली खाट स्वेच्छेने दुसऱ्याला दिली तर तो त्याग होय आणि त्यापुढे मान तुकवावी. तीच खाट 'तुझे जगून झाले' असे सांगून त्याच्याकडून घेतली तर त्याला त्याग म्हणता येत नाही. शिवाय, वृद्धांचे शरीर दुबळे असते, उपचारांना त्यांचा प्रतिसाद कमी असतो, ही गोष्ट रुग्ण वाचण्याची शक्यता ठरविताना मोजली जातेच. तेच वय पुन्हा स्वतंत्र निकष म्हणून मोजणे म्हणजे एकाच गोष्टीसाठी दोनदा दंड करणे होय. ऐंशी वर्षांची काटक शेतकरीण आणि पन्नाशीतील अनेक व्याधींनी पोखरलेला माणूस यांपैकी कोणाची शक्यता अधिक, हे जन्मतारखेवरून ठरत नाही.

आपला अलिखित नियम

आता महाराष्ट्राकडे वळू. येथे कोणता नियम होता? साथीच्या काळात शासनाने वापरलेला मुख्य कायदा १८९७ चा होता. मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळी ब्रिटिश सरकारने तो घाईघाईने केला आणि त्यात मूळची कलमे होती अवघी चार. त्याने सरकारला वाटेल ते उपाय योजण्याची मुभा दिली. पण उपचार अपुरे पडले तर ते कोणाला आधी मिळावेत यावर त्यात एक अक्षर नाही. परकी राजवटीला तसे लिहिण्याचे प्रयोजनही नव्हते. स्वतंत्र देशाने त्यात २०२० मध्ये भर घातली ती प्रामुख्याने वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ले रोखण्यासाठी. ही भर आवश्यक होती, कारण खाट न मिळालेल्या रुग्णाचा नातेवाईक आपला राग समोरच्या डॉक्टरवर काढत होता. परंतु त्या रागाच्या मुळाशी असलेला प्रश्न तसाच राहिला.

राज्याने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा २०२० मध्ये सरकारी नियंत्रणाखाली आणून त्यांचे दर बांधून देण्यात आले. मुंबई महापालिकेने चोवीस प्रभागांत नियंत्रण कक्ष उघडले आणि खाटांचे वाटप त्यांच्यामार्फत सुरू केले. ही व्यवस्था परिपूर्ण नव्हती, परंतु रुग्णाने दारोदार भटकण्याऐवजी एका ठिकाणी विचारावे आणि त्याची गरज पाहून त्याला खाट मिळावी, हे तत्त्व तीत होते. प्राणवायूच्या व्यवस्थापनातील मुंबईच्या अनुभवाची सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये वाखाणणी केली होती. कोपनहेगनच्या वाटेवरील ही पावले होती.

परंतु जेथे अशी व्यवस्था नव्हती किंवा तिचे हात पोहोचत नव्हते तेथे दुसराच नियम चालू होता. जो आधी आला त्याला खाट, असे त्याचे बाह्य रूप होते. हा नियम दिसावयास निःपक्षपाती असतो. प्रत्यक्षात आधी कोण येतो? ज्याच्या घरी मोटार आहे, जो शहरात राहतो, ज्याला आजाराची लक्षणे ओळखता येतात, ज्याच्या ओळखीचा डॉक्टर आहे आणि ज्याच्याजवळ अनामत भरावयास पैसे आहेत, तो. तालुक्याच्या गावाहून रुग्णवाहिकेची वाट पाहत निघालेला शेतमजूर रांगेत नेहमीच मागे असणार. मग वशिला येतो. वशिल्याचा उच्चार आपण लाजत करतो, पण आपल्यापैकी ज्यांना तो उपलब्ध होता त्यांपैकी फारच थोड्यांनी तो वापरण्याचे टाळले असेल. बाप गुदमरत असताना मुलाने सदाचाराचे धडे गिरवावेत अशी अपेक्षाही कोणी करू नये. म्हणूनच तो मार्ग बंद करण्याची जबाबदारी त्या मुलाची नसून व्यवस्थेची आहे.

त्यातच व्यवस्थेचे दौर्बल्य किती घोर होते ते २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकला दिसले. महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब घसरला आणि किमान २२ रुग्ण प्राणास मुकले. मे महिन्यात गोव्याच्या बांबोळी येथील वैद्यकीय महाविद्यालयात पहाटेच्या वेळी रुग्ण दगावू लागले आणि प्राणवायूचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला. येथे कोणी कोणाची निवड केली नव्हती. परंतु टाकीची देखभाल कोणी करावयाची, पर्यायी पुरवठा कोठून येणार, हे ज्या बैठकांत ठरावयास हवे होते त्या बैठकांत या रुग्णांचे भवितव्य आधीच ठरून गेले होते. अतिदक्षता विभागातील नीतीचा विचार केवळ खाटेपाशी सुरू होत नाही. तो परिचारिकांच्या रिक्त जागांपाशी, देखभालीच्या कंत्राटापाशी आणि आरोग्यावरील तरतुदीपाशी सुरू होतो. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते गाठले गेले नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही ही हयगय क्षम्य नाही. १९९२ मध्ये रेल्वेतून पडून डोक्याला जबर मार लागलेल्या बंगालमधील एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी, कोठे खाट नाही तर कोठे सोय नाही, असे सांगून परत पाठविले होते. त्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तातडीचे उपचार वेळेवर न देणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भंग आहे आणि पैशांची चणचण ही सबब शासनाला सांगता येणार नाही, असे बजावले. साथीच्या तीस वर्षे आधी घडलेली ही घटना. २०२१ मध्ये तिची सहस्रावधी वेळा पुनरावृत्ती झाली.

दिलेले काढून घेणे

या विषयातील सर्वांत बिकट भाग अजून यावयाचा आहे. एक रुग्ण दहा दिवस व्हेंटिलेटरवर आहे, त्याच्या प्रकृतीत उतार नाही. आणि बाहेर दुसरा आला आहे, ज्याच्या वाचण्याची आशा अधिक आहे. पहिल्याचे यंत्र काढून दुसऱ्याला द्यावे काय? यंत्र न देणे आणि दिलेले काढून घेणे यांत तत्त्वतः फरक नाही, असे पाश्चात्त्य नीतिशास्त्रज्ञांतील एक मोठा वर्ग मानतो. न्यूयॉर्क राज्याच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ठराविक तासांनी फेरतपासणी करून यंत्र दुसऱ्याकडे देण्याची तरतूद होती. उलट जर्मनीने २०२२ च्या कायद्यात असे काढून घेणे निषिद्ध ठरविले. तेथील काही डॉक्टरांनी त्याला आव्हान दिले आणि २०२५ मध्ये घटना न्यायालयाने, हा विषय केंद्रीय कायदेमंडळाच्या अधिकारातला नाही या कारणास्तव, तो कायदा रद्द ठरविला. विचारी समाजांतही याबाबत एकमत नाही, एवढे यावरून दिसते.

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अरुणा शानभाग प्रकरणी आणि २०१८ मध्ये 'कॉमन कॉज' प्रकरणी जीवनरक्षक उपचार थांबविण्यासंबंधी जे निर्णय दिले, त्यांचा पाया रुग्णाचे स्वतःचे हित आणि त्याची स्वतःची इच्छा हा आहे. २०२३ मध्ये त्यातील प्रक्रिया सुलभ करण्यात आली. दुसऱ्याच्या हितासाठी पहिल्याचे उपचार थांबविण्याची मुभा त्यांतून निघत नाही आणि ती ओढूनताणून काढूही नये. खाटेवर पडलेल्या माणसाला दारातून आत येणारा प्रत्येक रुग्ण आपला प्रतिस्पर्धी आहे असे वाटू लागले, तर रुग्णालय या शब्दाला अर्थ उरणार नाही. यातून मार्ग काढावयाचा तर तो असा निघू शकेल. साथीच्या काळात व्हेंटिलेटर सुरू करतानाच तो अमुक दिवसांच्या प्रयत्नासाठी आहे, त्यानंतर फेरतपासणी होईल, असे रुग्णाला व नातेवाइकांना स्पष्ट सांगावे. तपासणीत उपचारांचा त्या रुग्णालाच काही उपयोग उरलेला नाही असे दिसले, तर ते रुग्णाच्या वा त्याच्या आप्तांच्या संमतीने आणि विहित प्रक्रियेनेच थांबवावेत. उपयोग होत असेल तर बाहेर कोणीही उभा असो, थांबवू नयेत. यामुळे काही वेळा एक अधिक जीव वाचविण्याची संधी हुकेल हे मान्य केले पाहिजे. पण रुग्णालयावरील विश्वास गेला तर हुकणाऱ्या संधींची गणतीच करता येणार नाही.

काय करावयास हवे

राज्याने आज, कोणतीही साथ दाराशी नसताना, याविषयीचे नियम तयार करून ते विधिमंडळापुढे मांडावेत. डॉक्टरांच्या संघटनेने ते परस्पर ठरवू नयेत आणि सचिवालयातील एखाद्या परिपत्रकात ते दडवूही नयेत. उपचाराने रुग्ण वाचण्याची शक्यता, एवढाच त्यांचा आधार असावा. वय, अपंगत्व, मिळकत, पद, जात आणि गाव यांना त्यात स्थान नसावे. दोघांची शक्यता समान असेल तेथे चिठ्ठी टाकावी. चिठ्ठी टाकणे ही चेष्टा वाटेल, परंतु घरांच्या वाटपासाठी म्हाडाची सोडत आपण न्याय्य मानतो, कारण तीत कोणाची लायकी मोजली जात नाही. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे २०२० मध्ये रेमडेसिव्हिरच्या वाटपासाठी अशी सोडत वापरण्यात आली होती. आपल्याकडे त्याच औषधासाठी नातेवाईक भर उन्हात रांगा लावत होते आणि काळ्या बाजारात मागेल ती किंमत मोजत होते. यांपैकी कोणती पद्धत अधिक माणुसकीची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरे असे की, निवडीचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरने घेऊ नये. त्याची निष्ठा त्याच्या रुग्णाशी असावी आणि ती अभंग राहावी. निर्णयासाठी अनुभवी तज्ज्ञांचे वेगळे पथक असावे. त्याच्यापुढे रुग्णाचे नाव नसावे, केवळ प्रकृतीची माहिती असावी. आणि प्रत्येक निर्णयाची कारणे लेखी नोंदवावीत. नियमाप्रमाणे वागणाऱ्याला कायद्याचे संरक्षण असावे आणि नियम मोडणाऱ्याला ते नसावे. रात्री तीन वाजता एकट्या निवासी डॉक्टरने असा निर्णय घ्यावा आणि पुढे आयुष्यभर तो उराशी बाळगावा, अशी वेळ पंचविशीतल्या मुलामुलींवर आणण्याचा समाजाला अधिकार नाही. तिसरे, एका रुग्णालयात खाट नाही म्हणजे तुटवडा आहे असे समजू नये. सबंध जिल्ह्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत ती नाही याची खातरजमा झाल्यावरच निवडीचे नियम लागू व्हावेत, आणि ते लागू झाले आहेत हे जाहीर करण्याचे दायित्व सरकारने स्वीकारावे. तशी घोषणा करणे कोणत्याही सरकारला नामुष्कीचे वाटेल. ती नामुष्की टाळण्यासाठी तरी ते खाटा, प्राणवायू आणि परिचारिका वेळेवर वाढवील, हाही या तरतुदीचा एक हेतू आहे.

चौथी गोष्ट सर्वांत कमी खर्चाची आहे आणि तिचाच आपल्याला सर्वाधिक विसर पडला होता. ज्याला व्हेंटिलेटर मिळणार नाही त्याला तसे खरे सांगणारा कोणी असावा, त्याच्या वेदना शमविणारे औषध असावे आणि शेवटच्या घडीला त्याच्या माणसाला, संसर्गाची खबरदारी घेऊन, त्याच्याजवळ जाता यावे. खाट देता येत नाही म्हणून माणसाला एकटे मरू द्यावे असे कोणत्याही तुटवड्यातून निष्पन्न होत नाही. २०२०-२१ मध्ये अनेकांनी आपल्या आई-वडिलांना रुग्णवाहिकेत बसविले ते शेवटचे. पुढे त्यांना मिळाले ते एक बंद आवेष्टन आणि एक प्रमाणपत्र. त्या घरांत आजही एकच प्रश्न विचारला जातो: आमच्या माणसासाठी जे करता येण्यासारखे होते ते सारे झाले होते का?

त्या प्रश्नाला 'होय' असे उत्तर प्रत्येक वेळी देता येणार नाही. साथी येतील आणि त्यांत साधने अपुरीही पडतील. पण साधने अपुरी पडली तेव्हा ती या नियमाने वाटली गेली, हा नियम तुमच्या प्रतिनिधींनी तुमच्यासमोर केला होता आणि तो मंत्र्याच्या बापालाही लागू होता, एवढे उत्तर देता आले पाहिजे. आज ते आपल्याजवळ नाही.